तुमच्या बारशाच्या वर्षी काय वाजत होतं?

जन्मसाल आणि पुढे ‘हिट गाणी’ असं मोबाइलवर लिहिलं की पन्नासेक गाण्यांची यादी लगेच समोर येते. ऐकायला ती चांगलीच असते, पण ती साऱ्या देशाची यादी असते. तुमच्या घरात, तुमच्या आळीत, तुमची आई बाळंतपणाला माहेरी गेली होती त्या गावात काय वाजत होतं, हे ती सांगत नाही. गिरगावातल्या चाळीत जन्मलेला मुलगा आणि त्याच आठवड्यात माणदेशातल्या एखाद्या वस्तीवर जन्मलेली मुलगी यांचं जन्मसाल एक असतं, गाणी वेगळी असतात. शोधायची असतात ती ही गाणी.

हा नुसता विरंगुळा आहे असं मला वाटत नाही. आपल्याला आईवडील आठवतात ते आपण चारपाच वर्षांचे झाल्यापासून, आणि तोवर ते संसारात गुरफटलेले असतात. त्याआधीचे ते, नव्या संसारातले, कधी सिनेमाला जाणारे, कधी रेडिओसाठी पैसे साठवणारे, आपल्याला माहीतच नसतात. जन्मसालाची गाणी शोधायला बसलं की त्या दोन तरुण माणसांची ओळख होते. म्हणून ही शोधाशोध ते हयात असताना, त्यांच्याशी बोलता येत असताना करावी.

आधी जन्मतारीख पक्की करा. साठी-सत्तरीतल्या अनेकांच्या दाखल्यावर 1 जून हीच तारीख असते. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती लिहिली आणि वयही अंदाजाने ठरवलं. अशा वेळी घरातल्या बायका काय सांगतात ते ऐका: ‘नागपंचमीच्या आदल्या दिवशी’, ‘त्या वर्षी विहीर खणली’, ‘थोरलीचं लग्न झालं त्या वैशाखात’. तिथी आणि शक कळला तर जुनं पंचांग काढून तारीख मिळते. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो. माघ-फाल्गुनातला जन्म असेल तर 79 मिळवा आणि पौषातला असेल तर दोन्ही वर्षं पडताळा. दाते पंचांगाचे जुने अंक काही ग्रंथालयांत आणि पुष्कळ भिक्षुकांच्या घरी जपलेले असतात. 1973 नंतरचा जन्म असेल तर कालनिर्णयाच्या जुन्या प्रतीवरही काम भागतं, आणि कधी कधी त्याच चौकटीत आजीच्या हातची नोंदही सापडते.

तारीख मिळाली तरी तेवढ्याच वर्षाला चिकटून बसू नका. चित्रपट पडद्यावर आला ते साल आणि त्याचं गाणं तोंडोतोंडी झालं ते साल बऱ्याचदा वेगळं असतं. ‘रोटी कपडा और मकान’ 1974 च्या ऑक्टोबरात प्रदर्शित झाला आणि त्यातलं महागाईचं गाणं रेडिओवरच्या बिनाका गीतमालेच्या वार्षिक यादीत पहिलं आलं ते 1975 साली. ‘नाम’ 1986 चा, पण पंकज उधास यांनी गायलेलं त्यातलं परदेशातल्या माणसाला घरून आलेल्या पत्राचं गाणं 1987 च्या यादीत अव्वल ठरलं. हा झाला शहरातला हिशेब. तालुक्याच्या गावी चित्रपट आणखी उशिरा पोचायचा, आणि जत्रेतल्या तंबूत तर दोनतीन वर्षांपूर्वीचे सिनेमे नवे म्हणून लागायचे. उलट काही चित्रपट एकाच गावात मुक्कामाला आल्यासारखे राहिले. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ 1959 साली आला आणि पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये 131 आठवडे चालला. वसंत पवारांचं संगीत आणि आशा भोसल्यांचा आवाज त्या परिसरात 1960 आणि 1961 साली जन्मलेल्यांच्याही वाट्याला आला. म्हणून शोधाची मर्यादा जन्माआधी दोन वर्षं आणि नंतर एक वर्ष अशी धरावी. गाव आडवळणाचं असेल तर मागे आणखी एक वर्ष जावं.

मग प्रश्न येतो गाणं घरात आलं कोणत्या वाटेने याचा. याचं उत्तर दशकागणिक बदलतं आणि इथे थोडा इतिहास माहीत असला तर शोध सोपा होतो.

पन्नासच्या दशकात जन्मला असाल तर रेडिओपासून सुरुवात करा. 1952 साली केंद्रात माहिती आणि नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे होतं. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमीन सायानींची बिनाका गीतमाला तिथून सुरू झाली. आकाशवाणीने 1957 च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू केली तोवर गीतमालेची बुधवारची रात्र सिलोनची झालेली होती. पण ज्या घरात सिलोन लागायचंच नाही, किंवा वडिलांना ते चालायचं नाही, तिथे मराठी सुगम संगीत आणि शास्त्रीय गायन वाजत होतं. 1955 च्या रामनवमीला, 1 एप्रिलला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. गदिमांनी लिहिलेली आणि सुधीर फडक्यांनी स्वरबद्ध केलेली 56 गीतं आठवड्याला एक अशी वर्षभर चालली. त्या वर्षात पुण्याच्या आसपास जन्मलेल्या माणसाने देशभरच्या याद्या चाळण्याआधी एवढंच शोधावं, की आपण जन्मलो त्या आठवड्यात गीतरामायण कुठवर आलं होतं. रामजन्माच्या गीताच्या आसपास ज्याचा जन्म असेल त्याच्या बारशाला बायकांनी काय म्हटलं असेल, हे विचारून पाहण्यासारखं आहे.

गोव्यात 1961 पूर्वी जन्मलेल्यांची गोष्ट आणखी निराळी. तिथे पोर्तुगीज अमदानीतलं ‘एमिसोरा द गोवा’ हे रेडिओ केंद्र होतं. पुढच्या दशकात ‘आमचें नशीब’ (1963) आणि ‘निर्मोण’ (1966) या कोंकणी चित्रपटांची गाणी आली, ख्रिस पेरी आणि लॉर्ना यांची तबकडी घराघरात गेली. मुंबईतल्या गोवेकर कुटुंबांनाही ही वाट लागू पडते.

गीतमालेच्या वार्षिक याद्या आज सहज मिळतात आणि त्या पाहाव्यात. मात्र त्या कशा बनत हे लक्षात ठेवावं. तबकड्यांचा खप आणि श्रोतासंघांची पसंती यांवरून क्रम लागायचा, आणि स्पर्धेत फक्त हिंदी चित्रपटगीतं असायची. तबकडी विकत घेणारी घरं थोडी, श्रोतासंघ काढणारी मंडळी बहुतेक तरुण आणि शहरी. त्या यादीत तुमची आजी नाही, शेतमजूर नाही, गिरणीतला कामगार थोडाफार असेल. मराठी गाण्यांची तेवढी सलग, वर्षवार यादी कुणी चालवली नाही. त्यामुळे मराठीसाठी आपली यादी आपणच जुळवावी लागते: त्या वर्षीचे मराठी चित्रपट, रंगभूमीवर आलेली संगीत नाटकं, आकाशवाणीची भावगीतं, आणि ध्वनिमुद्रिकांवर निघालेली बिगरचित्रपट गाणी. नाटक विसरू नका. ‘मत्स्यगंधा’ 1964 चं, ‘कट्यार काळजात घुसली’ 1967 च्या डिसेंबरातलं. दोन्हींना जितेंद्र अभिषेकींचं संगीत, आणि ती पदं रेडिओवरून जितकी वाजली तितकी फार थोडी चित्रपटगीतं वाजली असतील.

ही जुळवाजुळव कशी होते ते दाखवायला 1975 हे साल घेतो. पन्नाशी ओलांडलेले पुष्कळ वाचक त्याच्या आसपासचे आहेत, आणि ते साल विलक्षण भरलेलं आहे. हिंदीत ‘शोले’, ‘दीवार’, ‘आंधी’, ‘ज्यूली’, ‘मिली’ आणि ‘जय संतोषी माँ’. मराठीत दादा कोंडके यांचा ‘पांडू हवालदार’ आणि जब्बार पटेल यांचा ‘सामना’. नुसती नावं लिहून थांबलात तर हाती काही लागणार नाही. प्रत्येक नावापुढे विचारा: हे आमच्या घरी पोचलं का, आणि कसं? ‘जय संतोषी माँ’ बहुधा पोचलंच असेल, कारण त्यातली उषा मंगेशकरांच्या आवाजातली आरती चित्रपटगृहाबाहेर पडून शुक्रवारच्या व्रतात जाऊन बसली. ज्या बायका वर्षात एकही सिनेमा पाहत नसत त्यांनाही ती पाठ होती. ‘शोले’ची गाणी पोचली, पण लाउडस्पीकरवर लोकांनी त्याहून जास्त ऐकले ते त्याचे संवाद. पॉलिडॉर कंपनीने संवादांची तबकडी काढली आणि ती गणेशोत्सवात, लग्नात, हॉटेलांत वाजत राहिली. त्या काळी जन्मलेल्या मुलाने पहिल्या दोनतीन वर्षांत ऐकलेल्या ध्वनींत गब्बरचा आवाज नक्की असणार, आणि तोही यादीत लिहायला हरकत नाही.

‘आंधी’चं तसं नाही. आणीबाणीत त्याचं प्रदर्शन थांबवलं गेलं आणि 1977 नंतर तो पुन्हा मोकळेपणी पाहता आला. त्यातच 1976 च्या मे महिन्यापासून आणीबाणी संपेपर्यंत किशोरकुमार यांची गाणी आकाशवाणीवरून बंद होती. म्हणजे 1976 साली जन्मलेल्या बाळाच्या घरात फक्त सरकारी रेडिओ असेल तर त्याच्या वाट्याला त्या काळातला सगळ्यांत लोकप्रिय पुरुष आवाज जवळपास आलाच नाही. आज यादीत किशोरची गाणी रांगेने दिसतात आणि आपण समजतो की तेव्हा हेच वाजत असणार. अशा ठिकाणी यादी फसवते.

‘पांडू हवालदार’साठी एक धागा जपून ठेवा. त्याचं संगीत राम-लक्ष्मण या नव्या जोडीचं. त्यातले लक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील. जोडीदार लवकर गेला, तरी त्यांनी दोघांचं नाव कायम ठेवलं आणि पुढे ‘मैंने प्यार किया’ (1989) आणि ‘हम आपके हैं कौन’ (1994) यांचं संगीत केलं. 1975 साली जन्मलेल्या माणसाचं बारसं आणि त्याचे कॉलेजचे दिवस या दोन्हींत एकाच संगीतकाराची गाणी होती, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. संगीतकार, गीतकार, गायक यांची नावं लिहून ठेवायला म्हणूनच सांगतो. नुसत्या गाण्यापाशी थांबलं की असे दुवे हातचे जातात.

आता सगळ्यांत मोलाचा भाग, घरच्यांना विचारण्याचा. ‘तेव्हा तुला कोणतं गाणं आवडायचं?’ असं विचारू नका. माणूस गोंधळतो आणि जे सगळे सांगतात तेच सांगतो. वस्तू, जागा आणि माणसं यांबद्दल विचारा. आळीत पहिला रेडिओ कुणाकडे आला? तो कुठे ठेवलेला असायचा, आणि बटण फिरवायचा मान कुणाचा? तुमच्या लग्नात बँडने काय वाजवलं? बाळंतपणाला गेलीस तेव्हा माहेरी संध्याकाळी काय लागायचं? रेडिओवरची ‘कामगारसभा’ ऐकायचात का? ‘आपली आवड’ला पत्र पाठवलं होतंत का? गणपतीत कर्णा लावायला कोण चढायचं? असं विचारलं की गाणं आपोआप येतं, आणि एकटं येत नाही. आत्याला गाणं आठवतं, काकांना ते कुठल्या थिएटरात पाहिलं ते आठवतं, दोघांची जुंपते. ती जुंपू द्या, मध्ये पडू नका, आणि फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवा. त्यांना सांगून ठेवा, चोरून नको. एका वेळी पाऊण तासाहून जास्त ताणू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना हमखास आणखी काही आठवलेलं असतं, तेव्हा पुन्हा फोन करा.

आणि एक गोष्ट आवर्जून विचारा: माझ्या बारशाला पाळणा कुणी म्हटला, कोणता म्हटला? तुमच्यासाठी म्हणून गायलेलं पहिलं गाणं ते. चित्रपटाच्या कुठल्याच यादीत ते नसेल. त्यात तुमचं नाव गुंफलं गेलं असेल, गावाचं, मामाचं नाव आलं असेल. खेड्यात साठच्या दशकापर्यंत जन्मलेल्यांच्या आयांना, आज्यांना जात्यावरच्या ओव्याही येत. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि ‘पारी’ या संकेतस्थळाने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. घरातलं गाणारं माणूस आता नसेल तर आपल्या तालुक्यातल्या, आपल्या गावाच्या ओव्या तिथे शोधता येतात. तसंच ज्या घरांत 14 एप्रिलला भीमगीतं गायली जात, वामनदादा कर्डकांची गाणी वस्तीत घुमत, त्या घरांचं जन्मसाल गीतमालेत शोधणं व्यर्थ आहे. वस्तीतल्या गायनपार्टीतल्या जुन्या माणसाला गाठा.

माणसांच्या आठवणींना कागदाचा आधार द्यावा, कारण आठवण साल चुकवते, प्रसंग सहसा चुकवत नाही. घरच्या ट्रंका, फायली चाळा. रेडिओ ठेवायला एके काळी पोस्टातून परवाना काढावा लागे. ते पुस्तक सापडलं तर घरात रेडिओ कधी आला याचा पुरावाच मिळतो, आणि तुमच्या जन्मानंतर आला असेल तर शोधाची दिशाच बदलते. थिएटरच्या दारात मिळणारी गाण्यांची चोपडी, तबकड्यांची पाकिटं, कॅसेटच्या आतले कागद, लग्नातले फोटो, सगळं पाहा. शहरातल्या जुन्या ग्रंथालयात त्या महिन्याच्या वर्तमानपत्राची फाइल मागा. पुण्यात ‘केसरी’ किंवा ‘सकाळ’, मुंबईत ‘लोकसत्ता’, 1962 नंतरचा ‘महाराष्ट्र टाइम्स’. सिनेमाच्या जाहिरातींचं पान आणि रेडिओच्या कार्यक्रमांची चौकट, ही दोन पाहिली की तुम्ही जन्मलात त्या दिवशी गावात काय लागलं होतं हे कळतं. चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातही जतन केलेल्या आहेत.

हिंदीसाठी कानपूरच्या हरमंदिरसिंह ‘हमराज’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ आहे. दशकवार खंड, वर्षवार चित्रपट आणि त्यातलं प्रत्येक गाणं. एका माणसाच्या चिकाटीतून उभं राहिलेलं एवढं नेटकं काम मराठी गाण्यांच्या वाट्याला यावं अशी माझी फार इच्छा आहे. तोवर मराठीसाठी ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ वापरा. गीतकार, संगीतकार, स्वर, चित्रपट किंवा नाटक, असा तपशील तिथे काळजीपूर्वक दिलेला असतो. जुना चित्रपटच पाहायला मिळाला तर सुरुवातीचं सेन्सॉरचं प्रमाणपत्र थांबवून वाचा. त्यावर तारीख असते, आणि सालाचे बरेच वाद तिथे मिटतात.

गाणं सापडल्यावर ते अस्सल आहे की नाही हेही पाहावं लागतं. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटची लाट आली तेव्हा जुनी लोकप्रिय गाणी दुसऱ्याच गायकांकडून गाऊन घेऊन ढिगाने विकली गेली. ती आज इंटरनेटवर मूळ गाण्याच्या नावाने फिरतात. काही मूळ मुद्रणांवर नंतर ‘झंकार बीट्स’ चढवले गेले. ती ऐकलीत तर आईवडिलांनी काय ऐकलं ते तुम्हाला कळणार नाही. कान बसला नसेल तर घरातल्या जाणत्याला ऐकवा. पहिल्या दोन ओळींतच ‘हा तो आवाज नाही’ असं ते सांगतील. जन्म साठच्या दशकातला किंवा आधीचा असेल तर हेही लक्षात घ्या, की 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटं मावायची. पडद्यावर असलेलं एखादं कडवं तबकडीवर नसे. आई एखादं कडवं म्हणते आणि तुम्हाला ते ध्वनिमुद्रणात सापडत नाही, तेव्हा तिची आठवण चुकीची ठरवण्याआधी चित्रपट पाहा. तबकडीवरच्या नावावरही भिस्त ठेवू नका. ‘महल’ (1949) मधल्या लता मंगेशकर यांच्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून पडद्यावरच्या पात्राचं, कामिनीचं नाव छापलेलं होतं. लताबाई स्वतः ‘आनंदघन’ या नावाने मराठी चित्रपटांना संगीत देत होत्या. ‘मोहित्यांची मंजुळा’ (1963) किंवा ‘मराठा तितुका मेळवावा’ (1964) तुमच्या यादीत असेल तर ते नाव पाहून अडू नका.

जुन्या तबकड्यांची गोडी लागलीच तर पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार आहेच, पण विकत घेण्याआधी संग्राहकांशी बोला. मुंबईत 1990 साली ध्वनिमुद्रिका संग्राहकांची एक संस्था स्थापन झाली. ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ हे तिचं नाव. त्या वर्तुळातली माणसं लेबलाचा रंग आणि तबकडीचा क्रमांक पाहून कधीची ते सांगतात, आणि नुसतं ऐकायला या म्हणून घरीही बोलावतात.

यादी शेवटी छोटीच ठेवा. पंधरा-वीस गाणी पुष्कळ झाली. प्रत्येक गाण्यापुढे गीतकार, संगीतकार, गायक आणि साल लिहा, आणि त्याखाली ते कुणी सांगितलं, कुठे ऐकलं होतं, हेही लिहा. भावंडांना ती दाखवा. थोरल्याला वेगळी गाणी आठवतील, धाकट्याला वेगळी, आणि घरात रेडिओचा टेपरेकॉर्डर कधी झाला ते त्यातून कळेल. काही गाण्यांची नुसती चालच हाती येईल. आजी गुणगुणते, शब्द निसटलेले असतात, चित्रपटाचं नाव तर नाहीच. ते गुणगुणणं फोनवर मुद्रित करून ठेवा. गुणगुणून गाणं ओळखणारी सोय आता फोनमध्ये असते, तिच्यावर एकदा पडताळून पाहा. तिने हात टेकले तर आजीच्या वयाच्या आणखी चार बायकांना ते ऐकवा. त्यांच्यातली एखादी पुढची ओळ म्हणेल.